पावती कुणाच्या नावावर

मुंबईच्या भाडेकायद्यातल्या एका कलमाकडे स्थलांतराचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला ती परत मागता येते. १९४७ च्या कायद्यात हे कलम होतं आणि १९९९ च्या कायद्यातही आहे. वकिलांच्या लेखी जागा खाली करून घेण्याच्या दहाबारा कारणांपैकी ते एक. पण या कलमाने रत्नागिरीच्या घराघरांत काय घडवलं ते पाहिलं, की त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. गिरणीतून निवृत्त झालेला काका गावी परततो. लालबागची खोली त्याच्या नावावर असते आणि भाडं इतकं किरकोळ, की ती सोडणं म्हणजे वेडेपणा. बंद ठेवावी तर मालक टपलेलाच. मग धाकट्या भावाचा मुलगा दहावी झाला, की त्याची रवानगी मुंबईला. नोकरीचं पुढे बघता येईल, आधी खोलीत कुणीतरी झोपलं पाहिजे.

पोट भरण्यासाठी माणूस शहरात येतो हे आपण शाळेपासून शिकतो. खोली राखण्यासाठीही माणूस शहरात येतो, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतं. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

घरभाड्याच्या कायद्यांवर आपल्याकडे लिहिलं गेलं नाही असं नाही. पण लिहिणारे दोन फळ्यांत विभागले गेले. एका फळीचं म्हणणं असं की सरकारने भाडी गोठवली, म्हणून नवी भाड्याची घरं बांधली गेली नाहीत, जुनी कोसळली आणि शहर झोपडपट्टीने भरलं. दुसरीचं म्हणणं असं की हा कायदा नसता तर गिरणी कामगार, कारकून, शिक्षक आणि पोलीस मध्य मुंबईत चार दिवस टिकले नसते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र दोघांच्याही डोळ्यांपुढे असतो तो आधीच खोलीत राहणारा भाडेकरू आणि आधीच चाळीचा मालक असलेला मालक. एसटीतून नुकताच उतरलेला, बोचकं काखोटीला मारून कुणाच्या तरी पत्त्याचा कागद शोधणारा तिसरा माणूस या वादात कुठेच नसतो. त्याच्यावर भाडेकायद्याने काय परिणाम केला, हे इथे तपासायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भाडेकायद्याने गावाकडून येणारा लोंढा कधी थांबवला नाही. तेवढी ताकद कुठल्याच घरकायद्यात नसते. पण कोण येणार, कुणाचं बोट धरून येणार, बायकोला आणू शकणार की नाही, आल्यावर त्याच्या हातात कागद असणार की नाही, या सगळ्यावर या कायद्याचा ठसा आहे. आणि हे सगळं तो एका साध्या प्रश्नाने ठरवतो. तू कोण, तुझी मिळकत किती, तुला गरज किती, असं तो विचारत नाही. तू केव्हा आलास, एवढंच विचारतो.

पहिली तारीख १ जानेवारी १९१६ ची. पहिल्या महायुद्धात मुंबईत कामं वाढली, माणसं आली, बांधकामाचं सामान मात्र महागलं आणि भाडी भडकली. १९१८ साली मुंबई सरकारने भाड्यावर निर्बंध आणले आणि १९१६ च्या त्या दिवशी जे भाडं होतं ते प्रमाण मानलं. हा युद्धापुरता तात्पुरता उपाय होता. दशकभराने तो उठलाही. दुसरं महायुद्ध लागताच १९३९ मध्ये निर्बंध परत आले, १९४४ मध्ये नवा कायदा झाला आणि त्यात १ सप्टेंबर १९४० ही तारीख प्रमाण ठरली. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९४७ च्या कायद्याने तीच तारीख उचलली. हा कायदाही मुदतीचा होता. मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवायचं, आणि असं करत करत तो अर्धशतक चालला. १ सप्टेंबर १९४० ला एखाद्या खोलीचं जे भाडं होतं, तेच कायद्याच्या नजरेत १९९० सालीही तिचं योग्य भाडं होतं. फाळणी झाली, संयुक्त महाराष्ट्र झाला, गिरण्यांचा संप झाला, शेअर बाजार वर गेला आणि कोसळला. पावतीवरचा आकडा जागचा हलला नाही.

पहिले निर्बंध आले तेव्हा मुंबई मुळात परगावच्यांचीच होती. १९२१ च्या जनगणनेत शहरातल्या दर शंभर माणसांत ऐंशीहून अधिक जण मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. दुसऱ्या आकड्यातच राहणीची सगळी तऱ्हा आली. पुरुष इथे, घर तिथे, मधे मनीऑर्डर.

त्या पुरुषांची सोय गावाने लावली. गिरणगाव, डोंगरी, माझगाव, गिरगाव या भागांत कोकणातल्या गावांच्या ज्या बैठकीच्या खोल्या होत्या, आणि काही अजून आहेत, त्यांच्याबद्दल इथे जरा सविस्तर लिहायला हवं; या पुस्तकाचा निम्मा विषय त्या खोल्यांत आहे. गावच्या मंडळाने एक खोली घ्यायची, भाडं माणशी वाटून घ्यायचं. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना कपडे, कडेने ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याने मोकळी केलेली जागा त्याची. जेवण खानावळीत, ती चालवणारी बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. (या खानावळवाल्या बायका संघटित व्हायला १९७५ साल उजाडलं, तेही प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा.) रविवारी बैठक. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची कौलं, कुणाच्या मयताची वर्गणी, शिमग्याला कोण किती दिवस जाणार, सगळं तिथेच ठरायचं. नवा पोरगा आणायचा तर त्याची हमी गावातल्या कुणीतरी घ्यायची.

गोव्याच्या मंडळींनी हीच व्यवस्था आपल्या पद्धतीने उभी केली. धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावांच्या नावाचे क्लब आहेत. त्यांना कूड म्हणतात. जहाजावर नोकरी करणारे तारवटी पुढच्या फेरीची वाट पाहत तिथे मुक्काम करायचे. एका भिंतीला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी रोझरी, सभासदत्व गावाचं आणि दर अगदी नाममात्र. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कितीतरी कुडी एका छपराखाली होत्या. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणजे दुसऱ्या सत्तेच्या मुलखातून येणाऱ्या माणसालाही या शहरात आपल्या गावाचा मजला मिळत होता. आज त्या जागांचा बाजारभाव पाहिला, तर गोठलेल्या भाड्याशिवाय त्या पाच वर्षंही तगल्या नसत्या हे उघड आहे. भाडेकायद्याला नावं ठेवताना मी हे विसरू इच्छित नाही.

पण याच खोल्यांत कायद्याने एक पाचरही मारून ठेवली. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवायला कायद्याची मनाई, आणि तसं केल्यास भाडेकरूलाच बाहेर काढता येतं. बैठकीच्या खोलीत वीस जण राहत असले तरी पावती एकाच्याच नावावर. बाकीचे कोण? मालकाचा माणूस आला की ते पाहुणे. वीस वर्षं राहणारे पाहुणे. जोवर खोलीची किंमत कुणाच्या मनात नव्हती तोवर हे चालून गेलं. पुढे पुनर्विकासाचा वारा आला, पावतीवाल्याचे वारस जागे झाले, आणि गावाची म्हणून मानलेली खोली कागदोपत्री एका घराची निघाली. कारण भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरू होतं, असं कायदाच सांगतो. कुटुंब म्हणजे गाव नाही, मंडळही नाही.

माझ्या मते इथेच कायद्याने स्थलांतराची दिशा बदलली. भाडं गोठलं, भाडेकरूला काढता येईना आणि हक्क वारशाने जाऊ लागला. या तीन गोष्टी एकत्र आल्या की भाड्याची खोली ही भाड्याची खोली उरत नाही, ती वडिलोपार्जित वस्तू होते. गावाकडे जशी जमिनीच्या सातबाऱ्यावर नावं चढतात तशी इथे पावतीवर. आणि मग मुंबईला कोणी जायचं याचा निर्णय मुंबईच्या रोजगारावर कमी आणि गावातल्या नात्यावर जास्त अवलंबून राहतो. ज्याच्या चुलत्याकडे पावती त्याचा मार्ग मोकळा. शेजारच्या वाडीतल्या, तितक्याच शिकलेल्या, कदाचित जास्त गरजू पोराला मुंबईत पाठ टेकायला जागा नाही.

नातं म्हटलं की जात आलीच. चाळी जातवार वसल्या होत्या हे काही गुपित नाही. दलित कामगाराला खासगी चाळीत खोली मिळणं मुश्कील, म्हणून सार्वजनिक चाळींचं महत्त्व. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ दोन खोल्यांत राहिले. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडीच्या, म्हणजे सरकारी विकास विभागाच्या, २०७ चाळी झाल्या. एकशे साठ चौरस फुटांची एकेक खोली. ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं त्यालाही सरकार मालक असेल तर भाड्याने खोली मिळू शकते, हा धडा या चाळींनी दिला. पुढच्या काळात तो कुणी फारसा गिरवला नाही. खासगी चाळींचं जातवार वाटप मात्र गोठलेल्या भाड्याबरोबर गोठून गेलं. खोली नात्यातच फिरत राहिली तर दुसरं काय होणार?

नात्याबाहेरच्या माणसाला एक वाट होती, पागडीची. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, आणि अख्ख्या शहराचे व्यवहार तिच्यावर चालत होते. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोकड घ्यायचा, मालक आपला वाटा घेऊन पावती नव्या नावावर करायचा, लिखापढी शून्य. पण पागडी भरायची ताकद असलेला माणूस हा गावाकडून आलेला नवखा नसतो. तो शहरात आधीच पाय रोवलेला दुकानदार किंवा बढती मिळालेला कारकून असतो. म्हणजे शहरातली स्वस्तात स्वस्त भाडी ज्या जागांची, त्याच जागांत शिरायला सगळ्यात जास्त रोख रक्कम लागत होती. २००० सालापासून ही देवघेव कायदेशीर झाली. तिचं स्वरूप बदललं नाही.

सरकारने अधूनमधून आत शिरलेल्यांना अभय दिलं. १९५९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्या वर्षीच्या २१ मेपर्यंत आलेले पोटभाडेकरू कायदेशीर ठरले. १९७३ मध्ये आणखी मोठा निर्णय झाला. मालक तोवर भाडेकरार टाळून ‘लीव्ह अँड लायसन्स’वर जागा देऊ लागले होते, ही वहिवाट फक्त परवानगीची, भाडेकरूचा हक्क नाही, अशी त्यातली मखलाशी. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीवर राहत असलेल्यांना भाडेकरू म्हणून मान्यता दिली. त्या दिवशी जे आत होते ते वाचले, आणि वाचायला हवेच होते. दुसऱ्या दिवसापासून मालकांनी धडा घेतला: परक्याला जागा द्यायचीच नाही. द्यायची तर कंपनीला, बँकेला, बदलीवर येऊन बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याला.

तारखांचा योग पाहा. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने पाहिलेल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एक. मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून माणसं दुष्काळी कामांच्या खडी केंद्रांवर गेली, तशी पुण्या-मुंबईलाही आली. ती येत होती त्याच हंगामात शहरातले मालक भाड्याच्या घरांना कुलपं लावत होते. माझ्याकडून इथे अतिशयोक्ती होऊ नये. दुष्काळी भागातून आलेल्या मजुराला काही कुणी माटुंग्याचा फ्लॅट लायसन्सवर देणार नव्हतं. दुरुस्ती झाली नसती तरी तो चेंबूर-गोवंडीच्या झोपडीतच गेला असता. पण वरच्या पायरीवरचा माणूस जागा न मिळाल्याने एक पायरी खाली उतरतो, तो खालच्याला आणखी खाली ढकलतो, आणि सगळ्यात शेवटचा खाडीच्या काठावर जातो. घरांच्या बाजारात ही उतरंड अशीच चालते. देशभराचे आकडेही हेच दाखवतात. १९६१ साली शहरांतल्या शंभर घरांपैकी चौपन्न भाड्याची होती. २०११ मध्ये ती अठ्ठावीसवर आली. याच पन्नास वर्षांत शहरांची लोकसंख्या कैक पटींनी वाढली. आणि २०११ च्याच जनगणनेत शहरी भारतात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी पडून होती. त्यांतली जवळपास पावणेपाच लाख एकट्या मुंबईत. साहिल गांधी, रिचर्ड ग्रीन आणि शाउनली पत्रनाबिस या अभ्यासकांनी रिकाम्या घरांचा हा गुंता भाडेकायद्यांशी आणि कोर्टांच्या दिरंगाईशी ताडून पाहिला, तेव्हा मालकाच्या बाजूने कायदा सैल झाला की रिकामी घरं कमी होतात, असं त्यांना आढळलं.

इथे एक कबुली कायद्याच्या टीकाकारांकडून हवी. सगळं खापर भाडेकायद्यावर फोडणं सोपं आहे, बरोबर नाही. शहरात किती मजले बांधू द्यायचे यावर साठच्या दशकापासून चटईक्षेत्राची मर्यादा होती. १९७६ च्या नागरी जमीन धारणा कायद्याने मोकळी जमीन कोर्टकज्ज्यांत अडकवली, आणि महाराष्ट्रात तो २००७ पर्यंत राहिला. भाडेकायदा नसता तरी मुंबईत घरांची चणचण राहिलीच असती. ती कुणाच्या वाट्याला किती येणार, हे मात्र बरंचसं त्यानेच ठरवलं.

आता त्या सगळ्यात शेवटच्या माणसाकडे. झोपडपट्टी म्हणजे अतिक्रमण करून बांधलेलं स्वतःचं घर, असा समज आहे. नव्याने आलेला माणूस बहुतेक वेळा झोपडी बांधत नाही. भाड्याने घेतो. पोटमाळा भाड्याने घेतो, कधी नुसती झोपण्यापुरती जागा. इथे भाडेकायद्याचा वारा लागत नाही. पण दुसऱ्या कायद्याची दुसरी तारीख तिथेही त्याची वाट पाहत असते. १९७६ ची झोपड्यांची गणना आणि फोटोपास. मग १ जानेवारी १९९५. मग १ जानेवारी २०००. आणि पैसे भरून घर घेण्यासाठी १ जानेवारी २०११. या तारखेआधीचा पुरावा असेल तर पुनर्वसनाचं घर. आधी ते २२५ चौरस फुटांचं होतं, नंतर २६९ चं आणि आता ३०० चं. पात्रता जो प्रत्यक्ष राहतो त्याची. हेतू चांगलाच होता. झोपड्यांचे दादा घरं लाटू नयेत म्हणून. परिणाम असा झाला की भाड्याने झोपडी देणारा माणूस भाडेकरूच्या नावाचा एकही कागद तयार होऊ देत नाही. वीजबिल मालकाच्या नावावर. रेशनकार्डासाठी पत्त्याचं पत्र मागितलं तर नकार. पोरगं शाळेत घालायचं तर पत्ता गावचा द्या. अकरा महिने झाले की सामान उचला आणि पुढच्या गल्लीत चला.

चाळीतला मालक आणि झोपडीतला मालक यांच्यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. झोपडीवालाही पंचवीस वर्षांपूर्वी याच वाटेने आलेला असतो, त्याच्या भाड्यावर त्याच्या म्हातारपणाची भिस्त असते. तरी दोघांची भीती एकच: आत घेतलेला माणूस कायद्याच्या जोरावर कायमचा होईल. भाडेकरूला संरक्षण देणाऱ्या प्रत्येक तारखेने ही भीती थोडी वाढवली, आणि तिची किंमत त्या तारखेनंतर येणाऱ्याने मोजली. माणूस शहरात दहा वर्षं राहून कागदोपत्री गावातच राहतो. मतदान गावात, रेशन गावात, दाखले गावात. अशा माणसाला आपण ‘हंगामी स्थलांतरित’ म्हणतो. त्याचा हंगाम कुणी संपू दिला नाही, एवढंच.

गिरण्यांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, हजारो माणसं गावी परतली, खोल्या मात्र राहिल्या. बरीच कुटुंबं अर्धी इथे, अर्धी तिथे, अशी पुढची वीस वर्षं त्या खोल्यांच्या आधाराने तगली. पण त्या खोल्यांच्या भिंती तगत नव्हत्या. पाचदहा रुपये भाडं देणाऱ्या चाळीची डागडुजी मालक करणार नाही, हे उघड होतं. १९६९ च्या कायद्याने ते काम उपकर लावून सरकारी मंडळाकडे आलं. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. दर पावसाळ्यात त्यांतली एखादी पडते, माणसं दबतात. १९८६ मध्ये सरकारने अशा इमारती ताब्यात घेऊन भाडेकरूंच्या संस्थेकडे सोपवायची तरतूद केली. मालक कोर्टात गेले. १९९२ सालच्या त्या याचिकेतल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा निकाल लागला नोव्हेंबर २०२४ मध्ये. बत्तीस वर्षांत त्या चाळींतली तिसरी पिढी कामाला लागली.

कायद्यातल्या अलीकडच्या बदलांवर एक अख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे उरकतो. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेलं भाडं आता अवाजवी आणि मनमानी झालं असल्याचं म्हटलं. तरी तरतूद रद्द केली नाही, कारण कायद्याची मुदत मार्च १९९८ मध्ये संपतच होती. विधिमंडळाने ती पुन्हा वाढवली आणि अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आणला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के भाडेवाढ, लेखी आणि नोंदणीकृत करार सक्तीचा, लायसन्सची मुदत संपल्यावर न जाणाऱ्याकडून दुप्पट शुल्क. मालकांची भीती बरीच कमी झाली, बाजारात घरं आली. कुणासाठी आली, हे पाहायचं तर कुठल्याही उपनगरातल्या एजंटच्या टेबलापाशी तासभर बसावं. डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं, पोलीस पडताळणी, सोसायटीची एनओसी. त्यावर फॅमिली हवी, बॅचलर नको, अमुक खाणारे नकोत, आणि आडनाव ऐकून ‘मालक परदेशात आहेत’. कराराची सक्ती सगळ्यांना लागू आहे. करार करण्याची ऐपत सगळ्यांची नाही.

मुंबईबाहेर पाहिलं तर चित्र निराळं. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ इथे मराठवाडा-विदर्भातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात. भाडं खोलीचं नाही, कॉटचं. बैठकीच्या खोलीत निदान गावाचं मंडळ होतं, रविवारची बैठक होती. इथे खोलीतले चौघे चार जिल्ह्यांचे आणि निकाल लागेपर्यंतचे सोबती. चाकणकडे गेलं की आणखी तिसरीच गोष्ट. तिथे कालपर्यंत बटाटा-कांदा पिकवणारा शेतकरी उरलेल्या गुंठ्यांवर खोल्यांची ओळ बांधतो आणि कारखान्यात कंत्राटावर लागलेल्या पोरांना देतो. लातूरचा शेतकऱ्याचा मुलगा खेडच्या शेतकऱ्याचा भाडेकरू होतो. शेतीतून सुटका दोघांचीही होते, एकाची जमीन गेल्यामुळे आणि दुसऱ्याची पाऊस न पडल्यामुळे. या नात्यावर आपल्याकडे अजून कुणी कादंबरी लिहिली नाही याचं नवल वाटतं. चाळीवर मराठी माणूस भरपूर हसला आहे आणि हळहळलाही आहे. ‘बटाट्याची चाळ’ घरोघरी आहे. चाळीनंतरच्या खोल्या साहित्यात यायच्या आहेत.

मार्च २०२० मध्ये हा सगळा झाकलेला व्यवहार एकदम रस्त्यावर आला. २९ मार्चच्या आदेशात केंद्रीय गृह मंत्रालयाने मजुरांकडून आणि स्थलांतरितांकडून महिनाभर भाडं मागू नये असं मालकांना बजावलं. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली. पण ज्याच्याकडे करार नाही, पावती नाही, तो हा आदेश कुणाला दाखवणार? काम थांबलं, भाडं थांबलं नाही, आणि माणसं महामार्गाला लागली. पायी निघालेल्यांत भाड्याने राहणारे किती आणि स्वतःच्या झोपडीतले किती, हा आकडा कुणी काढला नाही. काढला असता, तर या पुस्तकाची काही प्रकरणं लिहायची गरज पडली नसती.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली ऐंशी हजारांहून अधिक घरं देशात होती. ती भाड्याने द्यायची, अशी कल्पना. त्यांतली फारच थोडी प्रत्यक्षात भाड्याने गेली. जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा आला: दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नाही, वेगळं भाडे प्राधिकरण, लेखी करार. मसुदा वाईट नाही. मात्र मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूंना तो आपल्या मुळावर येईल अशी धास्ती वाटली, आणि तिला कारण आहे. दिल्लीचा अनुभवही ध्यानात घ्यावा. तिथला १९९५ चा भाडेकायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि जुन्या भाडेकरू व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे तो कधी लागूच झाला नाही. जुना भाडेकरू मतदार असतो, त्याची संघटना असते. उद्या येणाऱ्या माणसाची संघटना कशी असेल?

म्हणून जुन्या भाडेकरूंचं संरक्षण काढून घ्या, म्हणजे नव्यांना घरं मिळतील, हा युक्तिवाद मला पटत नाही. लालबागच्या म्हातारीला बाहेर काढून तिथे जो टॉवर होतो, त्यात गावाकडून आलेला मुलगा लिफ्टमन म्हणून शिरतो, राहायला नाही. जुन्यांची भांडणं जुन्यांशी मिटवावीत आणि नव्यांसाठी भाड्याची घरं सरकारने, नगरपालिकांनी, कारखान्यांनी उभी करावीत. शिवाय भाडेकरूला राहत्या पत्त्याचा पुरावा मालकाच्या मर्जीविना मिळावा. या दोन गोष्टी झाल्या तर कायद्याच्या बाकीच्या कलमांवर सावकाश भांडता येईल. यातली पहिली करून पाहायचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झालाही होता.

२००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरांना जादा चटईक्षेत्र द्यायचं आणि त्यांनी बदल्यात एकशे साठ चौरस फुटांची घरं बांधून प्राधिकरणाला द्यायची, ती शहरात नव्याने येणाऱ्यांना माफक भाड्याने मिळायची. क्षेत्रफळ बीडीडीच्या खोलीइतकंच. मधे ऐंशीएक वर्षं गेली होती. काही घरं बांधली गेली. ती चालवायची कोणी, भाडं वसूल कोणी करायचं, भाडेकरू निघाला नाही तर काय, या प्रश्नांवर योजना अडखळली आणि पुढे गुंडाळली गेली. पनवेलजवळच्या कोन गावातली अशी घरं दोनदोन जोडून एक करण्यात आली आणि २०१६ च्या सोडतीत ती गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना मालकीने देण्यात आली. संपात देशोधडीला लागलेल्या त्या कामगारांचा घरावर हक्क होताच, आणि तो फार उशिरा मिळाला. पण नव्याने येणाऱ्यासाठी बांधलेली भाड्याची घरं चाळीस वर्षांपूर्वी आलेल्यांच्या मालकीची झाली, आणि त्यांच्या जागी दुसरी बांधावीत असं कुणाला सुचलं नाही. कोनच्या आसपास गोदामं आहेत, कारखाने आहेत, तिथे कामाला येणारी पोरं आहेत. ती गावठाणातल्या खोल्यांत भाड्याने राहतात. भाडं रोख, पावती नाही, आणि दर अकरा महिन्यांनी खोली बदलते.